लवंगांचें मोसंबें

लवंगा खोंचून वाळविलेल्या फळास युरोपांत ‘पोमँडर’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ अंबर नामक सुगंधी द्रव्याचें सफरचंद. साथीच्या दिवसांत लोक असे सुवासिक गोळे रोगनिवारक म्हणून जवळ बाळगीत. ती समजूत खोटी ठरली, सुवास मात्र खराच.

बारामती-इंदापूरच्या पर्जन्यछायेंतील कोरडी हवा या कामास फार अनुकूल. घट्ट सालीच्या मोसंब्यास दाभणानें भोंकें पाडून लवंगा खोंचाव्या. फळ आक्रसतें, म्हणून मध्यें किंचित् जागा ठेवावी. फार विरळ खोंचल्यास मात्र बुरशी धरते आणि महागाच्या मूठभर लवंगा फुकट जातात. नंतर दालचिनीच्या पुडींत घोळवून वाऱ्यावर ठेवावें, रोज उलटावें. तीनचार आठवड्यांत तें लाकडासारखें कठीण व हलकें होतें. औद्योगिक वसाहतींतील चिमुकल्या बिऱ्हाडांतही तें खुंटीस टांगतां येतें. आषाढ-श्रावणांत हा उद्योग करूं नये.