वस्तरा नेमका कधीचा?

मी राहतो साताऱ्यात, मूळ घर सांगली जिल्ह्यात, तासगावकडं. घराणं न्हाव्याचं. पणजोबांच्या धोकटीतला वस्तरा आम्ही जपून ठेवलाय. लहानपणापासून ऐकत आलो, १९४३ मध्ये नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या भूमिगतांची दाढी याच वस्तऱ्यानं व्हायची.

मागच्या महिन्यात भिंग घेऊन बसलो. वस्तऱ्याचं वय कंपनीच्या नावावरून काढायला जाऊ नका, एकच नाव पन्नास-पन्नास वर्षं चालतं. पात्याची शेपटी मुठीला जिथं खिळलेली असते, तिथं देशाचं नाव बघा. मुकुट आणि ‘व्हीआर’ दिसलं तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे साधारण १९०१ च्या आधीचा. आमच्यावरचा गंज पुसला तर निघालं ‘सोलिंगेन’, आणि खाली ‘वेस्ट जर्मनी’. तो देशच झाला १९४९ ला!

डबीच्या तळाशी दुकानाची चिठ्ठी होती. पत्ता, ‘जि. दक्षिण सातारा’. सांगली जिल्ह्याचं हे नाव १९४९ ते १९६० एवढंच होतं. म्हणजे खरेदी त्या अकरा वर्षांतली.

आता आजीला सांगायचं कसं? दोन दिवस गप्प बसलो, मग सांगून टाकलं.

ती म्हणाली, “अरं, रोज वीस दाढ्या करणाऱ्याचा वस्तरा टिकतो व्हय? दगडावर घासून घासून सुईएवढा झाला, तवा तुझ्या आजोबानं ह्यो घेतला.”

मग तो जुना कुठाय?

“त्यानं मी गोधड्या उसवायची की.”

सध्या आजीची शिवणाची पेटी उपसतोय.