ब्लोअरला डोळे आले. हिशेब मात्र आपण ठेवू
(मुरुम येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बागायतदाराला दोन गोष्टी मिळत नाहीत: वेळेवर मजूर आणि मालाला भाव. भावाचं आपण नेहमी बोलतो. आज आम्ही यंत्राचं बोलणार आहोत.

आपला ब्लोअर आंधळा आहे. समोर झाड असो की मोकळी जागा, नोझल चालूच. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या वूस्टर इथं सरकारी संशोधकांनी लेसरनं झाड पाहणारा ब्लोअर तयार केला. झाड किती उंच, कॅनोपी किती दाट, हे तो चालता चालता मोजतो आणि तेवढंच औषध सोडतो. झाड नसेल तिथं नोझल बंद.

आता हिशेब करू. समजा एकरी 400 लिटर द्रावण लागतं आणि त्यातलं 100 लिटर मोकळ्या जागेत जातं. म्हणजे औषधाचा चौथा हिस्सा मातीत गेला. केशर आंब्याची झाडं लांब लांब असतात, तिथं बचत मोठी. द्राक्षाचा मांडव भरला की फटी उरत नाहीत, तिथं बचत थोडी. विकणारा सांगेल तो आकडा प्रत्येक बागेला लागू पडत नाही.

पण पैशाहून मोठी गोष्ट आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध कमी उडालं तर ते माणसाच्या छातीतही कमी जाईल. अशा यंत्राला नाही म्हणणं हा करंटेपणा आहे.

मजुरांचं काय, असं विचाराल. घडांची विरळणी, डिपिंग, काढणी आपल्याकडे अजून हातानंच होते. ते काम कुठं जात नाही.

मात्र आमच्या तीन अटी आहेत. पहिली, यंत्र आमच्या बागेत चालवून औषध मोजून दाखवा. दुसरी, सुटे भाग आणि मिस्त्री उमरग्याला मिळाले पाहिजेत. ऐन फवारणीत यंत्र बंद पडलं तर डाऊनी थांबत नाही. तिसरी, यंत्रानं गोळा केलेली बागेची माहिती बागमालकाची.

दोन एकरवाल्यानं एकट्यानं कर्ज काढू नये. दहा जणांनी मिळून एक यंत्र घ्यावं, भाडं ठरवावं, वही ठेवावी.

डोळे मिटून घेऊ नका, डोळे मिटून नाकारूही नका.