फ्रान्सच्या हॉटेलात आई



फ्रान्सच्या सहलीत हॉटेल कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारता. तिथे पंचतारांकितच्याही वर ‘पॅलेस’ हा सरकारी दर्जा आहे, २०१० पासूनचा. पॅरिसचं प्रसिद्ध रिट्झ १८९८ सालचं. ते काढणारे सेझार रिट्झ म्हणजे स्विस शेतकऱ्याचं तेरावं अपत्य. सुरुवात वेटर म्हणून.

मी तिथल्या एका मोठ्या हॉटेलात आईला नेलं. आपल्या सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालून तिने मला या शाळेत शिकवलं. खोलीत शिरताच तिने टॉवेल उलटून काठाची शिलाई पाहिली. मग खोली आवरणाऱ्या बाईंना नमस्कार केला.

एकच रात्र परवडली तरी राहा. पण त्या बाईंना आधी ‘बोंजूर’ म्हणा.