नैसर्गिक वायूची वाट

खनिज तेल आणि नैसर्गिक वायू ही भावंडे खरी. परंतु त्यांचा बाजार निराळा. तेल जहाजावर चढवून जगातील कोणत्याही बंदरात विकता येते. वायूला मात्र वाहिनीच हवी, नाहीतर त्याला अतिशीत करून द्रवरूप देण्याचा खर्चिक खटाटोप करावा लागतो. म्हणूनच वायूच्या शोधात ‘सापडेल काय?’ या प्रश्नाइतकाच ‘घेणार कोण आणि नेणार कोण?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मुंबई हाय येथे १९७४ साली तेल लागले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वर येणाऱ्या वायूपैकी बराचसा पुढे कित्येक वर्षे भरसमुद्रात जाळून टाकावा लागला, कारण तो नेऊन वापरण्याची सोय अपुरी होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हझीरा-विजयपूर-जगदीशपूर ही सुमारे १,७०० किलोमीटरची वाहिनी झाली, तेव्हा कोठे पश्चिम समुद्रातील वायू ग्वाल्हेरच्या दक्षिणेस, गुना जिल्ह्यातील विजयपूरच्या खत कारखान्यापर्यंत पोहोचला.

वाट झाली, पण ती एकाच्या हाती होती. वाहिनीची मालकी आणि वायूची विक्री दोन्ही ‘गेल’कडे, भाव आणि वाटप शासनाकडे. अशा बाजारात खोल समुद्रातील कोट्यवधींच्या विहिरीवर पैसा लावण्यास नवा उद्योजक कचरणारच.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सला २००२ साली मोठा साठा लागला व २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. भाव ठरला दशलक्ष ब्रिटिश उष्मांक एककांस ४.२० डॉलर. भाव व वाटप ठरविण्याचा शासनाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उचलून धरला. पुढे उत्पादन झपाट्याने घसरले. त्याचा सारा दोष भावावर ढकलणे बरे नव्हे. खडकाचेही काही म्हणणे असते! तथापि, शासनाने २०१६ मध्ये खोल समुद्रातील अवघड क्षेत्रांच्या नव्या वायूला कमाल मर्यादेच्या आत भावाचे व विक्रीचे स्वातंत्र्य दिले, आणि याच खोऱ्यातील रखडलेल्या साठ्यांचा विकास मार्गी लागून डिसेंबर २०२० पासून वायू येऊ लागला, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

२००६च्या कायद्याने वाहिन्यांवर नियामक मंडळ नेमून इतरांनाही त्या वापरू देण्याची तरतूद केली. २०२० मध्ये वायूचा विनिमय बाजारही उघडला. तरी वाहिनी चालविणारा आणि वायू विकणारा यांची पूर्ण फारकत झालेली नाही, आणि देशाला लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा वायू द्रवरूपात परदेशांतून येतो.