सवाल टाकायची रीत



संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा आणि चार मागण्या सरकारपुढे ठेवाव्यात अशी रीत आहे. मागण्या ठरावांत येतीलच. मला आज आपल्या आपल्यातलंच बोलायचं आहे. आपण कलावंतांनी एकमेकांना प्रश्न विचारायचं सोडून दिलंय. आपल्याला पत्रकार विचारतात, निवेदक विचारतात, अनुदान समितीही विचारते. पण एका गायकाने दुसऱ्या गायकाला, एका नटाने दुसऱ्या नटाला चारचौघांत, हसत हसत, थेट जगण्याला हात घालणारा प्रश्न टाकला, असं शेवटचं कधी पाहिलंत?

आपल्या सातारच्या मुलखात तर याचीच कला झाली होती. जत्रेच्या रात्री देवळापुढे शाहिरांचे दोन फड समोरासमोर बसायचे. एकाच्या डफाला तुरा, दुसऱ्याच्या डफाला कलगी. तुरेवाले शिवाला थोरपण देणार, कलगीवाले शक्तीला. खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीच्या हैबतीबुवांनी या सवाल-जवाबाच्या, म्हणजे भेदिक, शाहिरीत मोठं नाव मिळवलं. ही परंपरा एकट्या साताऱ्याची नाही. विजापूरकडे कन्नड गायक हरदेशी आणि नागेशी अशा दोन पक्षांत गातात. चितोडकडे तुर्रा-कलंगीचे खेळ होतात आणि तिथे मूळपुरुष म्हणून तुकनगीर आणि शाह अली या जोडीचं नाव घेतात. एक गोसावी, एक फकीर. दोन वेगळ्या वाटांच्या माणसांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत आणि त्यातून गाणं उभं राहावं, ही कल्पनाच मला फार मोलाची वाटते.

वरवर पाहिलं तर हे सवाल पुराणातले आणि वेदान्तातले. आधी माया की आधी ब्रह्म? पण रात्र चढत गेली की हाच सवाल घरात शिरायचा. शक्तीवाला म्हणायचा, तू आईच्या पोटी आलास ना, मग तिच्याआधी तू कसा? तुरेवाला म्हणायचा, बी नसताना शेत काय करील? ऐकणाऱ्या बायाबापड्यांना ब्रह्ममाया किती कळत होती कोण जाणे, पण घरात थोर कोण हा तंटा त्यांच्या ओळखीचा होता. म्हणून पहाटेपर्यंत कोणी उठत नसे. आणि गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचं आणि आपल्या गुरूचं नाव गुंफायचा. उत्तर कोण देतो आहे, कोणाच्या तालमीत वाढला आहे, हे सांगितल्याशिवाय त्याचं गाणं पुरं व्हायचं नाही.

या खेळाची बांधणी बघा. सवाल ज्या चालीत आला, त्याच चालीत जवाब द्यायचा. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने आखलेल्या रिंगणात उतरून त्याच्यापेक्षा सरस बोलायचं. सवाल संपला की झीलकरी ध्रुपद उचलून धरतात, तुणतुणं थांबत नाही, आणि तेवढ्या दोन-चार आवर्तनांत समोरच्याने मनात कडवं जुळवायचं. मला वाटतं, हा वेळ म्हणजे विचारणाऱ्याच्या फडाने उत्तर देणाऱ्याला दिलेली मोकळीक आहे. आजच्या मुलाखतीत कलावंत क्षणभर गप्प झाला तर निवेदक घाईने पुढचा प्रश्न टाकतो. तिथे मात्र विचार करणाऱ्याला सगळा फड ताल धरून सांभाळायचा.

तमाशाने हाच खेळ उघड्यावर आणला. गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्णाचा सवंगडी पेंद्या अडवतो, नाव विचारतो, गाव विचारतो, त्यांच्याबरोबरच्या मावशीला तर नको ते विचारतो. उत्तरात त्या दिवशीच्या गावाचं नाव येतं, पाटलाच्या वाड्याचं येतं, कधी खुद्द नटाच्या संसारातलंही काही येतं. पुढे बतावणीत सरदार आणि सोंगाड्या एकमेकांना उभे-आडवे प्रश्न करतात. मिरज तालुक्यातल्या कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात काळू आणि बाळू हे दोन हवालदार असे रंगवले की महाराष्ट्र त्यांना त्याच नावांनी ओळखू लागला. दिसायला सारखी माणसं एकमेकांना विचारतात तेव्हा विचारणारा कोण आणि सांगणारा कोण, हेच कळेनासं होतं. विनोदाची इतकी बारीक जाण पुस्तकं वाचून येत नाही.

आणि पठ्ठे बापूराव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचं नाव. ११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षला जन्म. हा तालुका तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. गावच्या कुलकर्ण्याच्या पोराने तमाशात पाऊल टाकलं, संगमनेरकडच्या हिवरगावच्या पवळाबाईबरोबर फड गाजवला. ब्राह्मणाचा मुलगा आणि महाराची मुलगी एका बोर्डावर उभी राहिली की सवाल गाण्यातला राहत नाही. तू कोण, मी कोण, आपल्या दोघांची जात कोणती, हे त्या काळच्या समाजाने त्यांना रोज विचारलं. त्यांनी रोज रात्री ढोलकीच्या साथीने जवाब दिला.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. सगळेच प्रश्न खेळीमेळीचे नव्हते. बोर्डावरच्या बाईला तिच्या देहावरून, तिच्या जन्मावरून जे विचारलं गेलं, त्याला मी परंपरा म्हणून मान देणार नाही. समोरच्याला जवाब देता येईल, तोच सवाल. ज्याला तोंडच उघडता येऊ नये म्हणून काही विचारलं जातं, तो निव्वळ अपमान. तमाशातल्या बाईची कहाणी सांगणाऱ्या १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ चित्रपटाची पटकथा आपल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिली. त्यात काम केलेल्या हंसा वाडकरांनी पुढे आपलं आयुष्य सांगितलं तेव्हा पुस्तकाला तेच नाव दिलं. कोणी धड विचारलं नव्हतं, ते त्या बाईंनी आपणहून सांगून टाकलं. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तर सवालाची दिशाच फिरवली. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केलं, आणि वगातून सावकाराला, मालकाला प्रश्न करायला सुरुवात केली. रंगमंचावर शिकलेली धिटाई बाहेरच्या जगात अशी कामाला येते.

मग आपण गप्प का झालो? मला वाटतं, आपण फार जपून राहायला लागलो. कवी कवीची स्तुती करतो, प्रस्तावना लिहितो, पाठीमागे नावंही ठेवतो; समोर बसून विचारत मात्र नाही. कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे तिकडच्या कलगी-तुऱ्याच्या, बाऱ्यांना आजही मुंबईची नाट्यगृहं भरतात. त्यात कधी पातळी सुटते, हे खरं. पण दोन शाहीर एकमेकांचं गाणं कान देऊन ऐकतात, कारण त्यांना त्यातल्याच शब्दाला धरून उत्तर द्यायचं असतं. आपल्या कविसंमेलनात आपली पाळी झाली की आपण चहाला जातो.

म्हणून संयोजकांना माझी एक विनंती आहे. उद्या दुपारचा परिसंवाद रद्द करा. व्यासपीठावरची टेबलं काढा, सतरंजी अंथरा. एका बाजूला लिहिणारे, दुसऱ्या बाजूला गाणारे-नाचणारे बसू देत. डफ मधोमध ठेवा. जो विचारील त्याने स्वतःही तोच सवाल सोडवायची तयारी ठेवावी, एवढीच अट. सुरुवात मी करतो, रात्रभर विचार करायला वेळ मिळावा म्हणून आत्ताच सांगतो. ढोलकीवाल्यांना माझा सवाल: नाचणारी चुकली तेव्हा तुम्ही तिला कितीदा सांभाळून घेतलंत, आणि तिने तुम्हाला कितीदा? कवींना: कोणाची ओळ ऐकून आपली वही फाडावीशी वाटली, आणि त्या माणसाला ते कधी सांगितलंत का? लावणी गाणाऱ्या ताईंना: रिकाम्या घरात, कोणी ऐकत नसताना तुम्ही काय गाता? आणि नटमंडळींना: घरच्या भांडणात तुम्ही कोणत्या नाटकातली वाक्यं वापरता? जवाब चालीत आले तर उत्तम. नाही आले तरी मी पहिल्या रांगेत बसलेला असेन, आणि माझ्यावर येणारे सवाल घ्यायला तयार असेन.