खातं आपल्या पोराचं, गल्ला कुणाचा?

(हिंदमाता इथल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'ऑनलाइन जुगार आणि कायदा'. मी म्हटलं, त्यात बँक घाला, नायतर मी येत नाही. तेव्हा आपल्यातलाच एक जण म्हणाला, जुगारात बँकेचा काय संबंध? बँक काय पत्ते पिसते? तेच सांगायला उभा राहिलोय.

आपल्याच चाळीतला एक पोरगा आहे. नाव घेत नाही, तो इथंच मागं बसलाय आणि मान खाली घालून बसलाय. कॉलेजात आहे, बाप महापालिकेच्या सफाई खात्यात. त्याला मैदानावर एक जण भेटला. चांगले कपडे, चांगला मोबाइल. म्हणाला, तुझं खातं रिकामंच पडलेलं असतं ना? पासबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेलं सिमकार्ड मला दे. महिन्याला पाच हजार देतो. तू काय करायचं नाही, गप बसायचं. पोरानं दिलं. खोली भाड्यानं देतात तसं खातं भाड्यानं दिलं. पुढच्या तीन आठवड्यांत त्या खात्यातून एवढी रक्कम आली आणि गेली, की त्याच्या बापानं उभा जन्म झाडू मारून तेवढी बघितली नाही. पोराच्या हातात पडले पाच हजार, तेही एकदाच. मग एक दिवस खातं गोठलं. कुठल्या तरी परराज्यातल्या पोलीस ठाण्याचं पत्र आलं होतं. काउंटरवरचा साहेब त्याच्याकडं असा बघत होता, जसं काय पोरानं तिजोरीच फोडलीय. आणि त्याची स्कॉलरशिप त्याच खात्यात यायची. आधारला जोडलेलं खातं तेच. ती लटकली. कॉलेज म्हणतं फी भरा, बँक म्हणते पोलिसांकडं जा, पोलीस ठाणं हजार मैलांवर.

आता माझा एकच सवाल आहे. माझ्या खात्यात किमान रक्कम कमी पडली, तर बँकेच्या मशीनला त्याच महिन्यात कळतं आणि दंड कापला जातो. मग ज्या खात्यात वर्षभर दोनशे रुपये पडून होते, त्यातून रात्री दोन वाजता लाखांची ये-जा सुरू झाली, ती त्याच मशीनला दिसली नाही? मशीनला मोतीबिंदू झाला होता?

पोरगा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यानं गाढवपणा केला. पण त्या गाढवाच्या पाठीवरून माल कुणाचा गेला, हे विचारायचं नाही?

जुगार मला पुस्तकातनं कळला नाही. माझा बाप गिरणीत होता आणि मटका खेळायचा. तुम्हाला मटका म्हंजे व्हॉट्सॲपवरचा जोक वाटतो. परळ-लालबाग-नायगावात ती रोजची आरती होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव यायचा, त्याच्या आकड्यावर मुंबईत पैज लागायची. १९६१ मध्ये ते बंद झालं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं वरळीत आपला मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीनं आपला. आधी मडक्यातनं चिठ्ठी, मग गंजिफ्यातली तीन पानं काढायची, त्यांची बेरीज करायची, शेवटचा आकडा तो ओपन. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. कापूस बघा कसा फिरतो. दिवसभर फुफ्फुसात कापूस भरायचा आणि रात्री कापसाच्याच आकड्यावर पगार उडवायचा. सिंगल लागला तर रुपयाला नऊ, जोडी लागली तर नव्वद. आकडे दहा आणि देणार नऊ. जोड्या शंभर आणि देणार नव्वद. बाकीचं कुणाचं, हे माझ्या बापाला कधी दिसलं नाही. त्याला फक्त स्वप्नातला साप दिसायचा. सापाचा आकडा काय यावर जिन्यात चर्चा व्हायची. चिठ्ठी द्यायला मला पाठवायचा. आय दारात उभी राहून शिव्या द्यायची, मला नाही, मटक्याला नाही, सगळ्या जगाला.

पोलीस यायचे. कुणाला उचलायचे? चिठ्ठी लिहिणाऱ्याला आणि लावणाऱ्याला. मुंबईचा जुगारबंदी कायदा १८८७ चा, राणीच्या राज्यातला. तो चाळीत यायचा, जिना चढायचा. खत्रीला आत घालायला आणीबाणी यावी लागली. आणि त्याच काळात, १९६९ पासून, महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी निघाली. चिठ्ठीवर सरकारी शिक्का असला की नशीब, नसला की गुन्हा. इथून दोन स्टेशनं पलीकडं महालक्ष्मीला घोडे पळत होते, बायका टोप्या घालून यायच्या, तिकडं कुणाची कॉलर धरली गेली नाही. पुढं १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंही, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. असेल. पण माझ्या बापाला सापाचा आकडा काढायला काय कमी अक्कल लागत होती? गोव्यात जुगार १९९६ च्या दुरुस्तीनं जहाजावर चढला आणि पर्यटन झाला. आणि दलाल स्ट्रीटवर काय चाललंय? सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये छापलं, की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणाऱ्या दर शंभर सामान्य लोकांतले त्र्याण्णव बुडाले, सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेले. त्याला मटका म्हणायचं नाही. त्याला डेरिव्हेटिव्ह म्हणायचं.

तर जुगार कुठला वाईट हे पानं बघून ठरत नाही, बसणाऱ्याची जात आणि जागा बघून ठरतं. हे आपल्याला नवीन नाही. नवीन आहे ते पुढचं.

मटक्यात पैसा हातातनं हातात जायचा. चिठ्ठीवाला, त्याच्यावर बुकी, त्याच्यावर मोठा बुकी. ऑनलाइन जुगारात हा हात कुणाचा? बँकेचा. तुम्ही बोट दाबता, पैसे तुमच्या बँकेतून निघतात, पेमेंट गेटवेतून जातात, दुसऱ्या बँकेत उतरतात. ही साखळी तुटली तर ॲप म्हंजे नुसतं रंगीत चित्र. आकाशातनं नोट टाकता येत नाही.

आणि बँकेला दिसत नाही हे खोटं आहे. कार्डाच्या जगात प्रत्येक धंद्याला चार आकडी कोड असतो. किराण्याचा ५४११. जुगाराचा ७९९५. बघा, तिथंही आकडाच! इंग्लंडनं या ओळखीच्या जोरावर क्रेडिट कार्डानं जुगार खेळणं बंद केलं, तारीख १४ एप्रिल २०२०. तारीख मी निवडलेली नाही. ऑस्ट्रेलियानं ऑनलाइन बेटिंगसाठी क्रेडिट कार्ड २०२४ मध्ये बंद केलं. तिकडच्या काही बँका गिऱ्हाइकाला स्वतःच्या खात्यावर जुगाराचं बटण बंद करून ठेवू देतात. आपल्याकडं काय झालं? एचडीएफसी बँकेनं १ जुलै २०२५ पासून नियम काढला, की क्रेडिट कार्डावर ऑनलाइन गेमिंगचा खर्च महिन्यात दहा हजारांवर गेला तर एक टक्का फी. तेव्हा हे खेळ 'कौशल्याचे' म्हणून उघड चालत होते. ड्रीम इलेव्हनला मुंबई हायकोर्टानं २०१९ मध्ये तसंच म्हटलं होतं. त्यामुळं बँकेनं कायदा मोडला असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, फी कापायची तर आधी ओळखावं लागतं. ओळखता येतं, साहेब.

सरकारही गल्ल्यावर बसलेलं होतंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी. दोन वर्षं तो खाऊन झाल्यावर सरकारला साक्षात्कार झाला, की वर्षाला ४५ कोटी लोक २० हजार कोटी रुपये घालवतात. आकडा सरकारचाच. आणि साक्षात्काराच्या महिनाभर आधी आपल्याच राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाइलवर रमीच्या स्क्रीनसमोर दिसले. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, मध्येच आलेलं ते बंद करत होतो. बरं. शेतीखातं गेलं, क्रीडाखातं मिळालं. विनोद मी करत नाही, मंत्रिमंडळ करतं.

तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं दोन दिवसांत कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्य असो की नशीब. मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ थांबवले आणि काहींनी कोर्टाचा रस्ताही धरला. सगळे खटले सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं स्वतःकडं घेतले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे चांगलं आहे. १८८७ च्या कायद्याला जे कळलं नव्हतं ते या कायद्याला कळलं.

पण कलम सात नीट वाचा. जुगाराच्या पैशाला वाट करून द्यायची नाही, कुणी? बँकेनं, वित्तसंस्थेनं, किंवा असा व्यवहार सुकर करणाऱ्या इतर कुणाही व्यक्तीनं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड एक कोटीपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. आता सांगा, ही 'इतर कुणीही व्यक्ती' कोण? गेटवेवाला असेल. आणि तो मागं बसलेला पोरगा पण आहे! कायद्यानं बँकेला आणि त्याला एका वाक्यात बसवलंय. आयुष्यात पहिल्यांदा आपला पोरगा बँकेच्या मांडीला मांडी लावून बसलाय, आणि तो आरोपी म्हणून. कंपन्यांच्या कलमात नेहमीची खिडकी उघडी आहे: मला माहीत नव्हतं, मी सगळी काळजी घेतली होती, असं सिद्ध केलं की साहेब सुटला. ते सिद्ध करायला साहेबाकडं कायदा खातं आहे. पोराकडं चाळीचा सेक्रेटरी आहे.

परदेशातले जुगारी या कायद्याला घाबरत नाहीत, त्यांना खाती लागतात. फेमाखालच्या २००० सालच्या नियमांत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल असल्या गोष्टींसाठी बाहेर पैसे पाठवायला बंदी आहेच. सरळ पाठवता येत नाही म्हणूनच भाड्याची खाती. महादेव ॲपच्या प्रकरणात ईडीनं हेच मांडलं: दुबईतनं धंदा, इथं शाखा वाटलेल्या, नफा सत्तर-तीस, आणि पैसा बेनामी खात्यांच्या जाळ्यातून हवालानं बाहेर. बंदी आली की उघड दुकान बंद होतं आणि या खात्यांचं भाडं वाढतं. म्हणून मी नुसत्या बंदीवर टाळ्या वाजवत नाही. हिंदमाताला पाऊस पडला की पाणी कुठं तुंबतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. टेकडीवर तुंबत नाही. रिझर्व्ह बँकेनं असली खाती हुडकायला म्यूलहंटर नावाचं यंत्र काढलंय. म्यूल म्हंजे खेचर. नाव बघा! शिकार खेचराची. खेचरावर माल लादणाऱ्याची शिकार करणारं यंत्र अजून निघायचंय.

बाबासाहेबांचं सांगतो. १९४९ मध्ये घटना समितीत 'पैज आणि जुगार' ही नोंद राज्यांच्या यादीत आली, तेव्हा काही सभासद चवताळले. स्वतंत्र भारताच्या घटनेत जुगाराचं नाव कशाला, काढून टाका. बाबासाहेबांनी शांतपणे सांगितलं, की नोंद काढली तर जुगार जाणार नाही, त्याच्यावरचा ताबा जाईल; नोंद असेल तर राज्य परवानगी देऊ शकतं तशी बंदीही घालू शकतं. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिलेला हा माणूस. पैसा कुठनं निघतो, कुठं जातो आणि वाटेत कोण जाड होतो, हे त्याला विचारायचं होतं. ३० डिसेंबर २०१६ ला पैसे पाठवायचं सरकारी ॲप निघालं, त्याला नाव दिलं भीम, आणि सांगितलं की हे बाबासाहेबांच्या नावावरनं. नाव वापरलंत ना? मग त्या नावाच्या रुळांवरून कुणाची गाडी जाते, याचा हिशोब द्या. नुसता फोटो लावून भागत नाही.

आता कामाचं. खातं, कार्ड, सिम कुणाला द्यायचं नाही. मैदानावर जो माणूस येतो त्याला ओळखणारे इथं चार जण तरी आहेत, त्यांनी सभेनंतर थांबायचं. ज्यांची खाती गोठलीत त्यांनी काउंटरवर गयावया करायची नाही. बँकेकडं लेखी मागायचं: कुठल्या पोलीस ठाण्याच्या, कुठल्या तारखेच्या पत्रावरून, किती रकमेपुरतं खातं अडवलंय. संशयाची रक्कम दहा हजार असेल तर दहा हजार अडवा, अख्खं खातं का? केरळ हायकोर्टानं २०२३ मध्ये हेच म्हटलंय, पोलिसांच्या पत्रात असेल तेवढ्याच रकमेवर टाच. अर्जाची पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार, फुकट होते. आणि त्याच अर्जात शेवटी एक ओळ आपली: या खात्यातून रोज किती व्यवहार होत होते आणि बँकेनं पहिली शंका कोणत्या तारखेला नोंदवली, ते कळवावं. या ओळीचं उत्तर लवकर येणार नाही. म्हणूनच ती घालायची.

स्कॉलरशिप लटकलेले अकरा जण आत्तापर्यंत कळलेत. आणखी असतील ते लाजेनं बोलत नाहीत. अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर आहे, झेरॉक्स कमी पडल्या तर हातानं उतरवा. सोमवारी सकाळी साडेदहाला सगळ्यांनी फुलाखाली जमायचं, तिथनं शाखेत एकत्र जायचं. मागं बसलेल्या मित्रा, तू पुढं ये आणि तुझं नाव पहिलं लिही.

जय भीम.