धावणाराचा जोडा

कोल्हापुरी वहाण नवी असताना चावते. पहिले आठ-पंधरा दिवस ती पायाशी भांडते, तेल पिते, करकरते आणि मग केव्हातरी नकळत पायाची होऊन जाते. तिचा अंगठा तुटला तर तो पुन्हा शिवून मिळतो. तळ झिजला तर दुसरा तळ लावून मिळतो. पादत्राणांविषयीचे आपल्याकडील शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या ह्या कातडी वहाणेवर पोसले गेले आहे. शिवता येते तोवर टाकू नये, हा त्याचा गाभा. धावण्याच्या बुटांच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण माणसाला फसवते. ह्या जोड्याची उमेद पहिल्या काही दिवसांतच सर्वांत अधिक असते, आणि त्याचा जो भाग सर्वांआधी थकतो तो शिवता येत नाही. किंबहुना तो थकलेला दिसतही नाही.

बुटाच्या तळाला लावलेले रबर जमिनीशी घासण्यासाठी असते. ते कठीण असते आणि पुष्कळ टिकते. वरचे जाळीदार कापड पाऊल धरून ठेवते. ह्या दोहोंच्या मध्ये जो जाड, हलका, स्पंजासारखा थर असतो, तोच खरा बूट होय. 1970 नंतरच्या दशकात ह्या थरासाठी इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट नावाचा पदार्थ वापरात आला आणि आजही अनेक बुटांत तोच किंवा त्याचे सुधारलेले रूप असते. त्याच्या पोटात अगणित सूक्ष्म कोष असतात आणि त्यांत वायू कोंडलेला असतो. पाऊल टेकले की कोष चेपतात, उचलले की पुन्हा फुगतात. मध्यम गतीने धावणारा मनुष्य एका किलोमीटरात सुमारे हजार पावले टाकतो. म्हणजे प्रत्येक बुटाच्या वाट्याला पाचशे आघात येतात, आणि दर आघाताला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार. 600 किलोमीटर झाले की एकेक बूट तीन लाख वेळा चेपला गेलेला असतो. इतक्या मारानंतर कोषांच्या भिंती वाकतात, चिरतात, आणि थर पूर्वीसारखा उसळून येत नाही. तळाचे रबर मात्र तेव्हाही धडधाकट असते. धनी बूट उलटा करून पाहतो, नक्षी शाबूत दिसते, आणि तो निर्धास्त होतो!

1985 साली अमेरिकेतील काही संशोधकांनी धावण्याची नक्कल करणाऱ्या यंत्राखाली बूट चेपून पाहिले. पहिल्या 80 किलोमीटरांतच धक्का शोषण्याची क्षमता मूळच्या सुमारे 75 टक्क्यांवर आली, आणि 400 ते 800 किलोमीटरांच्या दरम्यान ती 60 टक्क्यांच्याही खाली गेली. माणसांनी प्रत्यक्ष धावून वापरलेल्या बुटांची स्थिती थोडी बरी निघाली. 800 किलोमीटरांनंतर त्यांत 70 टक्के क्षमता उरली होती. पाचशे ते आठशे किलोमीटरांनंतर जोडा बदलावा, हा आज सर्वत्र सांगितला जाणारा नियम ह्या हिशेबाशी जुळणारा आहे. तो विकणाऱ्याच्याही सोयीचा आहे, हे विसरू नये. पंचावन्न किलो वजनाचा मुलगा मातीच्या मैदानावर धावतो आणि नव्वद किलोचा गृहस्थ सिमेंटच्या रस्त्यावर. दोघांच्या बुटांचे आयुष्य एकाच मापाने कसे मोजावे? जुना बूट म्हणजे हमखास दुखापत, असे सरळ समीकरणही मांडता येत नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 320 किलोमीटर वापरलेल्या बुटांनी पायावरील आघात वाढल्याचे दिसले नाही. परंतु धावणारांची ढब बदलली होती: पाऊल जमिनीवर अधिक वेळ टेकत होते, अंग पुढे कमी झुकत होते. बुटाने सोडलेले काम शरीर गुपचूप अंगावर घेते, असा ह्याचा अर्थ लावता येतो. झीज इतकी मंद असते, की पायाला ती उमगतच नाही.

म्हणून थोडी पारख शिकावी लागते. जोडा सपाट टेबलावर ठेवून मागून पाहावा. टाच एका अंगाला कलली असेल तर मधला थर बसला आहे. टाचेच्या बाहेरच्या कडेचे रबर झिजणे हे बहुतेकांच्या बाबतीत स्वाभाविक असते, कारण बहुतेकांचे पाऊल तेथेच प्रथम टेकते; त्याने घाबरू नये. मधल्या थराच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्या असतील आणि विश्रांतीनंतरही त्या तशाच राहत असतील, तर ते लक्षण अधिक गंभीर. ह्या सर्वांहून बोलका साक्षीदार म्हणजे नडगी. धावण्याचे अंतर, गती, रस्ता ह्यांपैकी काहीही बदलले नसताना दोन्ही नडग्या किंवा गुडघे ठणकू लागले, तर प्रथम बुटाकडे पाहावे आणि मग मलमाकडे.

शहरातील सुखवस्तू गृहस्थाला ह्या पारखीत चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनला उभा राहणारा अधिकारी नवा जोडा महिनाभर आधी किंवा नंतर घेईल, इतकेच. प्रश्न खरा आहे तो तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींचा. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीसाठी पुरुष उमेदवाराला 1600 मीटर आणि महिला उमेदवाराला 800 मीटर धावावे लागते, आणि एकेका गुणाने नोकरी हुकते. त्यासाठी ही मुले महिनोन्‌महिने डांबरी रस्त्यावर धावतात. चांगल्या जोड्याची किंमत घरातील महिन्याच्या किराण्याइतकी असते. मग तोच जोडा धावायला, तोच बाजाराला, तोच लग्नाला. परीक्षेच्या तोंडावर नडगी सुजते, आणि घरचे म्हणतात, पोराने फार ताण घेतला.

अशा मुलाला कोणी शिवनाथ सिंह ह्यांचे उदाहरण देतो. अनवाणी धावणाऱ्या ह्या जवानाने 1978 साली जालंधरला 2 तास 12 मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. उदाहरण खरे आहे. पण अनवाणी पाय वर्षानुवर्षांच्या सवयीने घडतो. बुटात वाढलेल्या पायाने भरतीच्या दोन महिने आधी तो प्रयोग करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

त्यापेक्षा साधे उपाय हाताशी आहेत. जोडा फक्त धावण्यासाठी राखावा. शक्य तेथे डांबर सोडून मातीवर धावावे. जिभेच्या आतल्या बाजूस खरेदीची तारीख लिहावी आणि अंतराची नोंद वहीत ठेवावी. पावसाळ्यात भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वाऱ्याला वाळवावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात नव्हे. जपून पेटीत ठेवल्यानेही जोडा टिकतोच असे नाही: काही बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असते, आणि कोकणासारख्या दमट हवेत ते न वापरताही काही वर्षांनी भुगा होऊन गळते. म्हणून स्वस्तात मिळणारा फार जुना माल टाळलेला बरा. लक्झेंबर्गमध्ये 264 धावणारांवर 22 आठवडे केलेल्या पाहणीत, एकाहून अधिक जोडे आलटूनपालटून वापरणारांत दुखापतीचा धोका 39 टक्क्यांनी कमी आढळला. ही चैन वाटेल. पण पहिला जोडा निम्मा झिजला असता दुसरा घेतला, तर अंतर दोघांत वाटले जाते आणि एकंदर खर्च फारसा वाढत नाही. फक्त दुसऱ्या जोड्याचे पैसे काही महिने आधी उभे करावे लागतात.

नवा जोडा चाचणीच्या दिवशीच प्रथम पायात घालण्याचा मोह मात्र टाळावा. 1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी आलेल्या अबेबे बिकिलाला तेथील नवे बूट नीट बसेनात, म्हणून तो अनवाणीच धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. भरतीची तारीख लागली की निदान तीन आठवडे आधी नवा जोडा घ्यावा, त्यात चाळीस-पन्नास किलोमीटर धावून पाहावे, आणि जुना जोडा शेतावर जाण्यासाठी दाराशी ठेवावा.